आकाशवाणीची प्रभातधून रचणारा परदेशी
(ज्युबिली महोत्सवाच्या सायंसभेत धर्मगुरूंनी दिलेले व्याख्यान)



महोत्सव समितीने ‘संगीत आणि देशप्रेम’ ह्या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली, तेव्हा मी कोणा वीरगीतकाराचे चरित्र सांगेन असा सर्वांचा कयास असावा. मी मात्र असा गृहस्थ निवडला आहे की ज्याने रणगीत रचले नाही, ज्याच्या रचनेला शब्दच नाहीत, आणि ज्याचे नाव ह्या मंडपातील फार थोड्यांच्या कानांवरून गेले असेल. परंतु त्याची रचना ज्याने ऐकली नाही असा पन्नाशीच्या पुढचा एकही मनुष्य येथे सापडावयाचा नाही. पहाटे रेडिओची खुंटी पिळली की प्रथम खरखर होई, मग तंबोऱ्याचा नाद भरून येई, आणि त्या नादावर व्हायोलिनची एक आर्त धून हळूहळू वर चढे. ‘वंदे मातरम्’ त्यानंतर. बातम्या आणि बाजारभाव तर फार पुढे. गोठ्यात वैरण टाकणारा शेतकरी, चुलीत काटक्या सारणारी माउली, कांद्याच्या गाड्या जुंपून बाजाराकडे निघालेले गाडीवान, ह्या सर्वांचा दिवस त्या धुनेने उजाडे. ही धून रचणारे गृहस्थ होते वॉल्टर कॉफमन. ते हिंदू नव्हते, मुसलमान नव्हते, आपल्यासारखे ख्रिस्तीही नव्हते. ते यहुदी होते, आणि ह्या देशात निर्वासित म्हणून आले होते. ह्या धुनेच्या कर्तृत्वाबद्दल अधूनमधून दुसरीही नावे घेतली जातात. तथापि जाणकारांचा कौल बहुतांशी कॉफमन यांच्याच बाजूचा आहे, आणि मीही तोच ग्राह्य धरतो.

त्यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी बोहेमियातील कार्ल्सबाद ह्या नगरात झाला. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात मोडत असे. आज ते चेक प्रजासत्ताकात असून कार्लोवी वारी ह्या नावाने ओळखले जाते. घराणे यहुदी, घरातील भाषा जर्मन. तरुणपणी त्यांनी बर्लिनच्या संगीत महाविद्यालयात फ्रान्झ श्रेकर ह्या ख्यातनाम संगीतकाराच्या हाताखाली शिक्षण घेतले, आणि पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात माहलरच्या सिंफनींवर प्रबंध लिहिला. परंतु आपले परीक्षक प्राध्यापक नाझी युवकांचे पुढारी आहेत असे कळताच त्यांनी ती पदवी स्वीकारण्याचे नाकारले. बंधुभगिनींनो, विद्वत्तेच्या जगात पदवी म्हणजे भाकरी होय. ती ताटात वाढलेली असताना वाढणाऱ्याचे हात पाहून ताट मागे सारणे हे सामान्य माणसाचे काम नव्हे. त्या वेळी ते जेमतेम पंचविशी ओलांडलेले तरुण होते.

१९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. यहुदी कलावंतांना रंगभूमीवरून, वाद्यवृंदांतून, विद्यापीठांतून हुसकण्यास आरंभ झाला. पुढच्याच वर्षी, १९३४ साली, कॉफमन मुंबईच्या बंदरात उतरले. मुंबईच का, ह्याचे एक कारण अगदी रोखठोक होते: येथे येण्याचा परवाना सुलभ मिळत असे. दुसरे कारण मात्र मनन करण्याजोगे आहे. हिंदुस्थानी संगीताच्या काही ध्वनिमुद्रिका त्यांनी युरोपातच ऐकल्या होत्या. प्रथम ऐकताना त्यांना त्या संगीताचा काहीच उमज पडेना. सारे परके आणि दुर्बोध वाटले. आपल्यापैकी बहुतेकांनी अशा वेळी काय केले असते? तबकडी बाजूला ठेवून ‘हे काही आपल्याला रुचत नाही’ म्हटले असते. कॉफमन यांनी वेगळा विचार केला. ज्यांनी हे संगीत निर्माण केले ती हृदय आणि बुद्धी असलेली माणसेच आहेत. कोट्यवधी लोक त्यावर प्रेम करतात. तेव्हा उणीव संगीतात नसून आपल्या कानांत असली पाहिजे, आणि ती भरून काढावयाची तर ते जेथे जन्मले तेथेच जाऊन शिकले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. परकी गोष्ट कळत नाही तेव्हा दोष प्रथम आपल्यात शोधावा, ही नम्रता मला कित्येक धर्मोपदेशकांतही आढळलेली नाही. आणि धर्मोपदेशक म्हणताना मी पुरोहितवर्गाला वगळीत नाही.

मुंबईत आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात तिचे कार्यक्रम होत. स्वतः कॉफमन पियानोवर, पारशी वादक मेहली मेहता व्हायोलिनवर आणि एडिजिओ वेर्गा हे इटालियन गृहस्थ चेलोवर बसत. हे मेहली मेहता म्हणजे पुढे जगद्विख्यात झालेले वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहता यांचे पिताजी. एक यहुदी, एक पारशी आणि एक इटालियन मिळून मुंबईत बेथोव्हन वाजवीत आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. त्या नगरीचे मोठेपण कशात होते ते निराळे सांगावयास नको. १९३७ पासून १९४६ पर्यंत ते ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते. चित्रपटांनाही त्यांनी संगीत दिले. आणि ह्या सर्व धबडग्यात हिंदुस्थानी रागांचा अभ्यास चालूच राहिला. तोही केवळ दरबारी गवयांपुरता नव्हे; गोंड आणि बैगा ह्या वनवासी लोकांच्या गीतांवर त्यांनी लिहिलेला लेख १९४१ साली अमेरिकेतील एका नामांकित संगीतविषयक त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. डोंगरातील गोंडाच्या गाण्याला स्वरलिपीत बसविण्याच्या लायकीचे समजणारे लोक आपल्यात तरी तेव्हा किती होते?

आता त्या धुनेकडे वळू. ती १९३६ च्या सुमारास रचली गेली असे मानतात. खाली तंबोरा, वर व्हायोलिन, सोबतीला व्हायोला आणि चेलो. व्हायोलिन मेहली मेहता यांनी वाजविले असे सांगतात. स्वर शिवरंजनी रागाचे: षड्ज, रिषभ, कोमल गंधार, पंचम आणि धैवत. मध्यम नाही, निषाद नाही. पाचच स्वर, आणि त्यांतला गंधार कोमल. त्या एका कोमल स्वरामुळे सगळ्या धुनेला एक हुरहूर लागलेली असते. ज्यांना संगीताचे ज्ञान आहे त्यांनी घरी पेटीवर हे पाच स्वर वाजवून पाहावेत. मग शुद्ध गंधार घेऊन पुन्हा वाजवावेत. भूप होईल, मन प्रसन्न होईल. परंतु ती पहाट हाती लागणार नाही. युरोपात वाढलेल्या माणसाला ह्या एका श्रुतीचे मर्म दोन-अडीच वर्षांत कसे उमगले, ह्याचे मला अजून नवल वाटते.

मी तिला विरहाची धून म्हणतो, आणि त्यास आधार आहे. कॉफमन यांची पत्नी गेर्टी ही फ्रान्झ काफ्का ह्या थोर लेखकाची भाची होती. गेर्टीची आई, म्हणजे काफ्का यांची बहीण एली, हिला १९४१ साली नाझींनी पोलंडमधील लॉझच्या कोंडवाड्यात पाठविले. ती परत आली नाही. तिच्या दोन बहिणींचीही तीच गत झाली. मुंबईच्या केंद्रावरून ही धून रोज सकाळी वाजत होती, त्याच सकाळी तिच्या कर्त्याचे आप्त तिकडे गाड्यांत कोंबले जात होते. आपण १३७ वे स्तोत्र पुष्कळदा म्हणतो. बाबेलच्या नद्यांकाठी बंदिवान बसले आहेत, वीणा झाडांना टांगलेल्या आहेत, आणि परक्या भूमीत गावे तरी कसे हा त्यांचा प्रश्न आहे. त्या स्तोत्रकर्त्याच्याच रक्ताच्या ह्या मनुष्याने वीणा टांगली नाही. यिर्मया प्रवक्त्याने निर्वासितांना पत्र लिहून, ज्या नगरात तुम्ही नेले गेला आहात त्याच्या कल्याणासाठी झटा आणि प्रार्थना करा, असे बजावले होते. कॉफमन यांचे वर्तन त्या पत्राबरहुकूम झाले. ते कितपत धर्मनिष्ठ होते ह्याच्या चौकशीत मला शिरावयाचे नाही.

येथे एक शंका कोणी काढील, व ती रास्त आहे. ही धून इंग्रजी अमदानीत, इंग्रज सरकारच्या खात्यासाठी झाली. तिला राष्ट्रीय कसे म्हणावे? माझे उत्तर असे की १९४७ साली आपण काय काय बदलले त्याची यादी करा. निशाण बदलले, पुढे चौकांतील राण्या आणि लाटसाहेब हलविले, रस्त्यांची नावे बदलली, ऑल इंडिया रेडिओलाही आकाशवाणी हे नाव दिले. धून मात्र राहिली. तिला काढा म्हणून चळवळ झाल्याचे माझ्या वाचनात नाही. वस्तू राष्ट्राची होते ती जन्मदाखल्याने नव्हे; पिढ्यान्पिढ्यांच्या कानांनी तिला आपली म्हटल्याने ती राष्ट्राची होते.

खुद्द राष्ट्रगीताचीच हकिकत घ्या. ‘जन गण मन’चे शब्द रवींद्रनाथांचे हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. परंतु १९१९ च्या फेब्रुवारीत कवी मदनपल्लीच्या थिऑसॉफिकल महाविद्यालयात उतरले असता, तेथील मार्गारेट कझिन्स ह्या आयरिश बाईंनी ते गीत त्यांच्या मुखातून ऐकून त्याच्या चालीची स्वरलिपी सिद्ध करण्यास साहाय्य केले, हे किती जण जाणतात? ह्या बाई १९१५ साली हिंदुस्थानात आल्या आणि पुढे स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवासही भोगला. एक आयरिश, एक यहुदी. असो, विषयांतर होत आहे.

आता मी हा विषय का निवडला ते सांगतो. आपल्या समाजाला दोन बाजूंनी टोचणी बसते. बाहेरचा कोणी म्हणतो, ‘तुमचा धर्म विलायती, तुमची गाणी विलायती.’ हे बोल आपल्या मुलांना शाळेच्या पटांगणात ऐकावे लागतात, आणि ती घरी येऊन आईबापांना विचारतात की आपण ह्याच देशाचे ना? आणि आत, आपल्यातच, गायकवृंदात तंटा चालू असतो. एकाला वाटते की लॅटिन-इंग्रजी चालींवाचून मिस्सा म्हणजे मिस्साच नव्हे. दुसऱ्याला वाटते की टाळ, ढोलकी आणि पेटी एवढेच काय ते आपले, बाकी सारे परके. गतवर्षी नाताळच्या तालमींत हा वाद कोणत्या थराला गेला ते येथे बसलेल्या मंडळींना स्मरत असेलच.

पेटीचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपण जिला अस्सल देशी म्हणून कवटाळतो ती पेटी मूळची युरोपातील आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात ती आपल्याकडे आली आणि आपल्या कारागिरांनी तिला मांडी घालून वाजविण्याजोगी केली. तीही सुखासुखी स्वीकारली गेली नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला परकी व बेसूर ठरवून आपल्या केंद्रांतून हद्दपार केले, आणि ही बंदी सुमारे तीन दशके टिकली. मौज अशी की त्याच रेडिओवर रोज सकाळी एका परदेश्याची धून वाजत होती आणि तिला कोणी परकी म्हणत नव्हते! वाद्य विलायती आणि राग देशी, रचनाकार विलायती आणि धून देशी. ह्या गुंत्यातून ‘शुद्ध स्वदेशी’चा दोरा ओढून काढू पाहणाऱ्याच्या हाती तुटका धागाच येतो.

ख्रिस्तसभेने तरी ह्या बाबतीत कोणते धोरण घेतले आहे? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी पवित्र उपासनेविषयी जी घटना प्रसृत केली, तिच्या ११९ व्या परिच्छेदात असे प्रतिपादन आहे की ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा त्यांच्या धार्मिक व सामाजिक जीवनात मानाचे स्थान मिळवून आहे, त्या संगीताला योग्य ते महत्त्व व उपासनेत उचित स्थान द्यावे, आणि धर्मप्रचारकांनाही त्या संगीताचे शिक्षण द्यावे. त्याच परिषदेने ग्रेगोरियन गायनाचा मानही कायम ठेवला. सेमिनरीत आम्हांला ही दोन्ही कलमे एकत्र शिकवीत. बाहेर आल्यावर जो तो आपल्या सोयीचे एक कलम बगलेत मारतो. आणि ज्या यहुदी लोकांविषयी ख्रिस्ती माणसांनी शतकानुशतके अनुदारपणा दाखविला, त्यांच्याविषयीचे आपले धोरण परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणापत्रात स्पष्ट केले. म्हणून कॅथॉलिक धर्मग्रामाच्या ज्युबिलीत एका यहुद्याचे गुणगान का, असे कोणी विचारू नये.

परिषदेच्याही आधीपासून हे कार्य आरंभिणारे पुरोहित होऊन गेले. एस. व्ही. डी. संघाचे जर्मन मिशनरी फादर जॉर्ज प्रोक्श १९३२ साली हिंदुस्थानात आले. त्यांनी हिंदी भाषा आणि येथील राग आत्मसात करून प्रभूची भजने रचली, आणि पुढे अंधेरी येथे ज्ञान आश्रम स्थापन केला. आपल्या भागापुरते बोलावयाचे तर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात सुवार्ता आणणारे जेझुइट पुरोहित जर्मनच होते. पहिल्या महायुद्धात त्यांना शत्रूचे प्रजाजन म्हणून स्थानबद्ध करण्यात आले व अखेर मायदेशी रवाना केले गेले. ज्या खेड्यांत त्यांनी प्लेगात आणि दुष्काळात रोग्यांची उशी-पायथ्याची सेवा केली, तेथील लोकांना ते शत्रू वाटले नव्हते. कोण परका आणि कोण आपला हा निवाडा सरकारी कागद एका रीतीने करतो आणि गावकरी दुसऱ्या रीतीने करतात.

आपल्या कॅथॉलिक बांधवांचाही ह्या कथेत मोठा वाटा आहे, तो मी आवर्जून सांगतो, कारण तो सांगण्याची आपल्याला सवय नाही. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना मेस्त्रीकडून स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकविण्याची परिपाठी होती. त्या शाळांतून निघालेली मुले पोटासाठी मुंबईस आली आणि बँडपथकांत, हॉटेलांत, सिंफनी वाद्यवृंदांत व पुढे चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणशाळांत शिरली. माजोर्डे गावच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत हिंदी आणि पाश्चात्त्य संगीताचा मिलाफ करणारा मोठा वाद्यवृंद उभारला. चीक चॉकलेट ह्या नावाने गाजलेले आंतोनियो वाझ हे सी. रामचंद्र यांचे साहाय्यक होते. आणि हे सी. रामचंद्र, अर्थात रामचंद्र नरहर चितळकर, कोठले? आपल्या शेजारचे, मनमाड-दौंड मार्गावरील पुणतांब्याचे! ज्या गीताने २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंडित नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आणले, त्या ‘ऐ मेरे वतन के लोगो’ची चाल ह्या पुणतांब्याच्या सुपुत्राची. मी पुणतांब्यावरून गाडीने जातो तेव्हा स्टेशनाची पाटी दिसली की शेजारच्या प्रवाशाला हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही. बहुतेक प्रवासी नुसते हुंकार भरतात.

कॉफमन यांची उत्तरकथा थोडक्यात सांगतो. १९४६ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, त्यांनी हिंदुस्थान सोडला. प्रथम ते इंग्लंडात गेले, नंतर कॅनडातील हॅलिफॅक्स येथे राहिले. १९४८ पासून १९५७ पर्यंत विनिपेगच्या सिंफनी वाद्यवृंदाचे संचालक, आणि १९५७ पासून अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. परंतु येथील राग त्यांनी सोडले नाहीत. उत्तर हिंदुस्थानच्या रागांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९६८ साली आणि दाक्षिणात्य रागांवरील १९७६ साली प्रसिद्ध झाला. ९ सप्टेंबर १९८४ रोजी ब्लूमिंग्टन येथे त्यांचा अंत झाला. त्यांची हस्तलिखिते तेथील संगीत ग्रंथालयात आहेत. मुंबईच्या काळातील त्यांच्या कित्येक रचना दीर्घकाळ कोणी वाजविल्याच नाहीत. २०२० साली कॅनडातील एका वाद्यवृंदाने त्यांपैकी काही प्रथमच मुद्रित केल्या. इकडे धून मात्र वाजतच राहिली, आणि रचनाकाराचे नाव कोणी निवेदक सांगत नसे.

आपल्या गायकवृंदातील तीन मुलांनी ती धून व्हायोलिन, पेटी आणि तंबोऱ्यावर बसविली आहे. व्हायोलिन वाजविणारी मुलगी नववीत आहे. तिला शिवरंजनीचा गंधार कोमल का, हे तिच्या संगीत शिक्षकांनी समजावले आहे, आणि पेटीवाल्याने आपला आवाज व्हायोलिनच्या खाली ठेवण्याचे मान्य केले आहे, हीही लहानसहान गोष्ट नव्हे. तिच्यामागून लगेच, मध्ये न थांबता, आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळापासून चालत आलेले मराठी भजन होईल. मंडपाच्या मागील बाजूच्या मंडळींनी पुढे सरकून बसावे, कारण तंबोऱ्यासमोरचा ध्वनिक्षेपक मी बंद करावयास सांगितला आहे.